आतला पाटकरी

एव्हेनोर गेला तेव्हा चुलीवर कॉफी उकळत होती. त्याची बायको मिग्दालिया चुलीशी होती. तो झाडाला बांधलेल्या झोळीत पडला होता; मी जवळ स्टूल ओढून त्याला वर्तमानपत्रातली बेसबॉलची बातमी वाचून दाखवत होतो. त्याचा संघ हरला होता. शेवटच्या डावात, हातातला सामना घालवून. ते वाचलं आणि वर पाहिलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं दिल्या नाहीत.

त्याला मी शेवटची सांगितलेली गोष्ट म्हणजे ती हार.

मी लेओन शहरात साहित्य शिकलो. आता तिथंच शाळेत शिकवतो. शनिवारी गावी येतो. गेलेल्या माणसावर कसं लिहावं याचे धडे मी घेतले होते. त्यातला आज एकही हाताशी नाही. जे पाहिलं ते लिहितो.

आमच्या गुआनाकास्तलमध्ये ऊस दारापर्यंत येतो. मागे सान क्रिस्तोबाल ज्वालामुखीचा धूर, पुढे कारखान्याचा. हंगामात फड पेटवतात तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडते. बायका ती झटकतात आणि पुढचा कपडा घालतात. एव्हेनोर सापाता याच राखेत वाढला. त्याचा बाप, सेलेस्तिनो, कारखान्याच्या उसाला पाणी द्यायचा. पाटकरी होता. खांद्यावर फावडं, पायात काही नाही. पाटाचं कुठलं दारं मोडून पाणी सोडायचं, कुठलं माती लावून धरायचं, कुठल्या सरीला आधी पाणी, हे ठरवत दिवसभर बांधावरून फिरायचा. आम्ही दोघं लहानपणी त्याच्या मागे जायचो. पाणी नव्या सरीत शिरताना कोरडी माती जो आवाज करते तो एव्हेनोरला फार आवडायचा. "ऐक, पितेय," म्हणायचा.

सेलेस्तिनोही मूत्रपिंडाच्या दुखण्यानंच गेले. तेव्हा लोक त्याला नुसतं कंबरदुखी म्हणत. आता आमच्याकडे शेंबडं पोरही क्रिएटिनिन म्हणतं. रक्तात ते वाढलं की मूत्रपिंड थकलं, एवढं सगळ्यांना कळतं. पलीकडच्या आळीत तर गेलेल्या पुरुषांच्या खुर्च्या अंगणातून आत नेऊन ठेवल्या आहेत.

एव्हेनोर ऊस तोडायला लागला तो मिशी फुटायच्या आधी. हात असा लांब आणि सैल, की शाळेत बेसबॉल खेळताना त्याला सगळे पिचर करायचे, चेंडू फेकायला. कोयता त्याच हातात गेला. पुढे तो टोळीचा आघाडीचा गडी झाला.

आघाडीचा म्हणजे पहिली सरी त्याची. त्याच्यामागे तिरक्या रांगेत बाकीचे. त्याला कोणी ओलांडून जायचं नाही, आणि तो थांबला की सगळ्यांनी थांबायचं. तो पाणी प्यायला तर टोळी पाणी पिते. मुकादमाला म्हणून आघाडीला थांबणारा गडी नको असतो. एव्हेनोर पाण्याची बाटली सरीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायला सांगायचा. तिथं पोचल्याशिवाय घोट नाही. त्याचा धाकटा भाऊ यादेर त्याच्या मागच्याच सरीत असायचा.

"माझा दादा बैल आहे," यादेर म्हणायचा. "आणि बैलाच्या मागे मी. समोर काय दिसतं मला दिवसभर, विचार."

"समोर बघू नकोस मग. उसाकडे बघ," एव्हेनोर म्हणायचा.

त्यानं घरच्या कुत्र्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. संध्याकाळी फडातून येऊन तो अंगणात ओरडायचा, "मुकादम, बस खाली! मुकादम, शेपूट हलव!" कुत्रं हलवायचं. सगळी आळी हसायची. खऱ्या मुकादमाच्याही कानावर ते गेलं होतं. तोही हसला, कारण एव्हेनोरची सरी सगळ्यांत पुढे असायची.

मागच्या वर्षी हंगामाच्या शेवटी, ईस्टरच्या सुट्टीत मी घरी होतो. एव्हेनोरला उलट्या सुरू झाल्या. पोटऱ्यांत गोळे येत होते. लघवी कोका-कोलासारखी झाली होती. हे त्यानं मला सांगितलं, बायकोला नाही. मी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आर्हेन्यालबाई आमच्याकडे बरीच वर्षं आहेत. चष्मा दोरीनं गळ्यात, आवाज घोगरा. त्यांनी त्याचं रक्त तपासलं.

"तुझ्या वडिलांना ओळखत होते मी," त्या म्हणाल्या. "पाटकरी ना? मग तुला त्याच भाषेत सांगते. मूत्रपिंड म्हणजे एक रान समज. हृदयातून निघालेल्या रक्ताचा मोठा वाटा तिकडे जातो. पाटानं जातो. त्या पाटाच्या काठाकाठानं बारीक मज्जातंतू उतरलेले असतात, वेलीसारखे. मेंदूचा निरोप तेच आणतात. तू उन्हात राबतोस, तहानतोस, घाबरतोस, कुठं दुखतं, तेव्हा मेंदू म्हणतो, रक्त हातापायांना हवंय, काळजाला हवंय, खालचं दारं धरा. तंतू आवळतात. रक्तवाहिनी अरुंद होते. मूत्रपिंडाचं पाणी तुटतं."

एव्हेनोर लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे माझ्या आत एक पाटकरी आहे."

"आहे."

"आणि तो माझ्या जिवावर उठलाय?"

"नाही रे बाबा. तो तुझा जीवच वाचवतो. तेवढ्यापुरता. तू सावलीत बसलास, पाणी प्यालास, शांत झालास की तो दारं पुन्हा मोडतो. रान भिजतं. पण तू हंगामभर रोज सूर्य उगवल्यापासून दारं धरून ठेवायला लावलंस तर रान जळणारच."

"एवढं एकच कारण?" मी विचारलं.

"खरं सांगू? पूर्ण कारण अजून कोणालाच माहीत नाही. ऊन आहे, तहान आहे, दुखलं की गोळ्या गिळता त्या आहेत. आणखीही काही असेल. पण उपाय मला माहीत आहे." त्यांनी चष्मा लावला. "पुढचा हंगाम तोडीला जायचं नाही. सावलीतलं काम बघ."

"ऊस सावलीत येत नाही, डॉक्टरीणबाई."

"माणूस येतो की," त्या म्हणाल्या.

परत येताना तो माझ्या पाठीमागे हसत होता. "माझा पाटकरी घाबरट निघाला, कविराज. बापाला कळलं असतं तर फावड्यानं बडवला असता." आमच्याकडे चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला कविराज म्हणायची रीत आहे. मी आयुष्यात कविता केलेली नाही.

मिग्दालियाला अखेर कळलंच. ती ओरडली नाही. तिनं आपल्या मामाला निरोप धाडला. मामा खाडीकडे कोळंबीच्या तळ्यांवर आहे. तिथं रखवालदार हवा होता. छपराखाली खुर्ची, एक शिट्टी, बगळे हाकलायचे. मामा म्हणाला, नोव्हेंबरपर्यंत जागा धरून ठेवतो.

"बगळे हाकलू?" एव्हेनोर म्हणाला. "मी? या हातानं?"

"त्याच हातानं," ती म्हणाली. "बगळ्यांना कुठं माहीत आहे तू कोण ते."

शेवटी दोघांत ठरलं ते असं. हंगामाआधी कारखाना सगळ्यांचं रक्त तपासतो. ज्याचं क्रिएटिनिन जास्त निघालं त्याला घेत नाहीत. एव्हेनोर नापास झाला तर बगळे. पास झाला तर ऊस.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. तपासणी जवळ आली की घराघरांत अंगणात झोळ्या बांधतात. ज्यांना नापास व्हायची भीती आहे ते गडी त्यात पडून राहतात. काम नाही, दारू नाही, भांडण नाही, बायकोशी सलगीसुद्धा नाही. दिवसभर शहाळ्याचं पाणी. आठवड्याभरात रक्त सुधारतं. कोणी कोणाला ही युक्ती शिकवली ठाऊक नाही. तिला आम्ही धुणं म्हणतो. रक्त धुऊन घेतलं, की तपासणीला जायचं.

त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. मी त्याच्याजवळ बसायला जायचो. आंब्याच्या दोन झाडांमध्ये त्याची झोळी होती, निळी, कडेला झालर असलेली. खाली मुकादम झोपलेला. रेडिओ काढून घेतला होता, कारण बेसबॉल ऐकताना त्याचा जीव वरखाली होतो.

"पाटकऱ्याला झोपवायचंय," तो डोळे मिटून म्हणायचा. "काहीतरी वाच. कंटाळवाणं."

मी माझ्या अभ्यासाचं एक जाड पुस्तक आणलं होतं. पहिलं पान संपायच्या आत तो घोरायला लागला.

यादेर कुंपणावरून बघत होता. "काय औषध आहे तुझ्याकडे! मलाही दे थोडं, माझी सासू आलीय घरी."

"हळू बोल," झोळीतून आवाज आला. "पाटकरी जागा होईल."

"तू जागा आहेस की रे!"

"मी जागा आहे. तो झोपलाय. आम्ही आता वेगळे झोपतो."

तो सुधारत होता, हे दिसत होतं. डोळ्यांखालची सूज उतरली. लघवी स्वच्छ झाली, हे त्यानं सगळ्या आळीला ओरडून सांगितलं. गालांवर रंग आला. एका दुपारी त्यानं मिग्दालियाला हात धरून झोळीत ओढलं. झोळी उलटली. दोघं खाली पडली, मुकादम ओरडत पळाला. ती मातीत बसून हसत होती. तिला इतकं हसताना मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग ती शहाळं फोडायला चुलीमागे आली. मी तिला कोयती दिली. ती हसायची थांबली होती.

"बघितलंस ना कसा दिसतोय?" ती हळूच म्हणाली. "हा असाच राहिला तर म्हातारा होईल. पण असा आहे म्हणून पास होणार."

"मग पाणी देऊ नकोस," मी म्हणालो. मला वाटलं, हे थट्टेत चालून जाईल.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तहानलेल्या माणसाला पाणी नाही देऊ?" आणि शहाळं घेऊन गेली. ती रोज चर्चमध्ये जाऊन तो नापास व्हावा म्हणून मेणबत्ती लावत होती. आणि घरी येऊन त्याला शहाळी पाजत होती. दोन्ही मनापासून.

निकाल कारखान्याच्या फाटकावर कर्ण्यातून पुकारतात. फक्त पास झालेल्यांची नावं. ज्याचं नाव येत नाही तो टोपी डोक्यावर घालून गर्दीतून निघून जातो, आणि लोक त्याच्याकडे बघत नाहीत. मिग्दालियाही आली होती. तिनं माझा दंड धरला होता. सापाता आडनाव यादीत अगदी शेवटी येतं. यादेरच्या आधी एव्हेनोरचं नाव आलं. माझ्या दंडावरची बोटं एकदम सुटली.

टोळीनं त्याला उचललं. तो वरून ओरडत होता, "बगळ्यांना सांगा, वाट बघू नका!"

त्याच दिवशी डॉक्टर आर्हेन्यालबाई बाजारात भेटल्या. त्यांच्या हातात केळ्यांचा घड होता. तो त्यांनी खाली ठेवला.

"तू झोपला होतास म्हणून रक्त चांगलं आलं, एव्हेनोर. दारं उघडं होतं म्हणून. फडात झोपणार आहेस का?"

"पण उघडलं ना, डॉक्टरीणबाई? म्हणजे बरं झालं."

"उघडतं एवढंच कळलं. रान किती उरलंय ते नाही कळलं."

"उरलंय, उरलंय," तो म्हणाला. त्यानं त्यांचा घड उचलून गाडीत ठेवला. रिकाम्या हातानं त्यांच्याशी वाद घालणं त्याला बरं वाटत नसावं.

इथंच सगळं ठरलं, असं मला वाटतं. आराम केल्यावर तो बरा झाला. आमच्या गावात याचा अर्थ आरामाची गरज संपली असा घेतात. एव्हेनोर काही वेगळा नव्हता. संध्याकाळी मिग्दालियानं भाकरीसारख्या जाड मक्याच्या तोर्तिया भाजल्या, ताजं चीज वाढलं. सगळे जेवले. मग तिनं निळी झोळी सोडून, घडी करून पेटीत ठेवली. मामाला काय निरोप द्यायचा ते तिनं कोणाला विचारलं नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. यादेरनं सांगितलं तसं लिहितो.

"फेब्रुवारी होता. वारा पडलेला. रान आदल्या दिवशी जाळलेलं, जमीन अजून चटका देत होती. मी मागून ओरडलो, दादा, थांब की जरा, घसा सुकलाय. तो म्हणाला, टोकाला थांबू. नेहमीसारखंच. मग मला दिसलं, त्याचा शर्ट कोरडा आहे. आमचे सगळ्यांचे पिळून घ्यावेत असे, आणि त्याचा कोरडा. मी म्हटलं, थांब! तो टोकाला पोचला. बाटली उचलली. हाताची बोटं वळून गेली होती, कोंबडीच्या पायासारखी. झाकण फिरेना. माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, कुठल्या गाढवानं एवढं घट्ट लावलंय रे? मी धावलो. मी झाकण काढेपर्यंत तो गुडघ्यावर आला होता."

यादेर हे सांगताना दर वेळी हातानं झाकण फिरवतो. त्याला ते कळत नाही.

लेओनच्या इस्पितळातून त्याला घरी आणलं तेव्हा पोटात नळी होती. तिच्यातून पिशवीभर पाणी पोटात सोडायचं, काही वेळानं काढायचं, म्हणजे रक्तातली घाण पाण्याबरोबर बाहेर येते. मिग्दालिया हे शिकली. कोपरापर्यंत हात धुवायची, तोंडाला फडकं बांधायची. तो तिला म्हणायचा, "या पाटकरीणबाई. आज माझी पाण्याची पाळी का?"

"तुमचीच. शेजाऱ्याचं तोडून तुम्हाला दिलंय. आता गुपचूप पडा."

निळी झोळी पुन्हा आंब्याला बांधली. तो तिच्यात पडून राहायचा, मागच्यासारखाच. शहाळं मात्र नाही, डॉक्टरांनी बंद केलं होतं. पाणीसुद्धा मोजकं, ओठ ओले होतील एवढंच. मी शनिवारी जायचो. पहिले काही शनिवार तो मनात हिशेब करत होता, हे मला कळत होतं. मागच्या वेळी आठवड्याभरात रंग आला होता. या वेळी येईना. पाय सुजले. कातडी मातकट झाली. खाज सुटायची. मिग्दालिया खरखरीत फडक्यानं पाठ घासायची.

डॉक्टर आर्हेन्यालबाई घरी आल्या, तेव्हा त्यानं विचारलंच. "मी तर किती दिवस पडून आहे. भांडत नाही, रेडिओ नाही. मग उघडत का नाही?"

त्या स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पुसला.

"उघडलंय रे," त्या म्हणाल्या.

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्यानं मान हलवली, जणू त्यांनी त्याला बाजारभाव सांगितला. त्या गेल्यावर मला म्हणाला, "ऐकलंस, कविराज? बिचारा पाटकरी दारं मोडून बसलाय. पाणी सोडतोय. आणि खाली रानच नाही."

मी झोळीला हलकेच झोका दिला.

"रेडिओ आण," तो म्हणाला. "आता जीव वरखाली झाला तरी काय."

तेव्हापासून बेसबॉल पुन्हा सुरू झाला. रेडिओची बॅटरी संपली तर मी वर्तमानपत्र वाचायचो. तो गेला त्या सकाळी संपली होती.

नऊ दिवस घरी प्रार्थना झाली. बायका माळ ओढत होत्या. बाहेर टोळीतले गडी कॉफी पीत बसले होते. मुकादम आंब्याखाली पडून होता, कोणी नावानं हाक मारत नव्हतं, कारण खरा मुकादमही येऊन बसायचा. त्यानं पहिल्या दिवशी शवपेटी उचलायला खांदा दिला होता. नवव्या दिवशी तो यादेरशी कोपऱ्यात बोलला. आघाडीची सरी आता यादेरची, असं ठरलं.

पाऊस सरला. उसाला तुरे आले. कालच्या शनिवारी मी गावात शिरलो तेव्हा आळीत आवाज नव्हता. एकही रेडिओ चालू नव्हता. मग अंगणांत झोळ्या दिसल्या. लाल, हिरव्या, एक मासे धरायच्या जाळीची. प्रत्येकीत एकेक गडी, डोळे मिटून. बायका शहाळी फोडत होत्या.

मिग्दालियाच्या अंगणात यादेर उभा होता. हातात टोपी. त्याच्या चेहऱ्यावर सूज होती. ती सकाळची असेल असं मला स्वतःला सांगावंसं वाटलं.

"वहिनी," तो म्हणत होता, "दादाची निळी झोळी... आठवडाभर दिलीस तर. माझी फाटलीय. आणि ती, म्हणजे, ती पास करते, असं सगळे म्हणतात."

मिग्दालिया चुलीसमोर बसली होती. ती उठली. आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. झोळी घेऊन बाहेर आली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली. तिनं दुसरं टोक सोडलं नाही.

"ने," ती म्हणाली. "पण मे महिना येईपर्यंत हिच्यातून उठू नकोस."

"वहिनी, हंगाम तर मेमध्ये संपतो."

"तेच म्हणतेय."

तो कसनुसा हसला. ती हसली नाही. दोघांच्या मध्ये झोळी ताणलेली होती, झालर वाऱ्यानं हलत होती. चुलीवर कॉफी उतू गेली. कोणी तिकडे वळलं नाही.